छोट्या शहरातल्या दैनिकाचा इतिहास लिहायचाय? मग अग्रलेख जरा बाजूला ठेवा आणि प्रिंटलाइन वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की जिल्ह्याच्या गावी निघणारं एक जुनं दैनिक, जे आता बंद पडलंय, त्याचा इतिहास नगर वाचनालयाच्या मंडळींनी तुम्हाला लिहायला सांगितलाय. हातात आहे तो रौप्यमहोत्सवी विशेषांक आणि संस्थापकांच्या मुलाने सांगितलेल्या आठवणी. एवढ्यावर लिहिता येईल का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवंय. मी जिल्हा दैनिकात प्रूफरीडर म्हणून लागलो, मग डेस्क, मग वृत्तसंपादक, आणि आता जुन्या फाइली लावायचं, वाचायचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितोय.

एवढ्यावर लिहिता येणार नाही. विशेषांकातला इतिहास हा मालकाच्या घरचा इतिहास असतो. संस्थापकांनी पत्नीचे दागिने गहाण ठेवले, पहिला अंक अमुक नेत्यांच्या हस्ते निघाला, तमुक साली आग लागली तरी अंक चुकला नाही. यातलं पुष्कळसं खरं असतं आणि ते लिहायलाही हवं, पण पेपर रोज कसा निघत होता, कोण काढत होतं, पैसा कुठून येत होता, गावोगाव कसा पोचत होता, हे त्यात कुठंच नसतं. आणि छोट्या दैनिकाचा खरा इतिहास तोच आहे. मोठ्या पेपरांचा इतिहास संपादकांच्या नावाने लिहिता येतो, जिल्हा दैनिकाचा नाही लिहिता येत, कारण तिथं संपादक हाच मालक, हाच जाहिरात आणणारा आणि खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारा कंपोझिटर आला नाही तर जुळवणीची स्टिक हातात घेऊन उभा राहणाराही तोच.

कागदांची सुरुवात प्रिंटलाइनपासून करा. शेवटच्या पानाच्या तळाला बारीक टाइपात जे असतं ना, "हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक प्रिंटिंग प्रेसमध्ये छापून येथे प्रसिद्ध केले", ते कुणी वाचत नाही, पण १८६७ च्या प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स अॅक्टपासून ते छापणं सक्तीचं झालं आणि त्या कायद्यात (२०२४ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली) नियम मोडून छापणं हा गुन्हा होता. त्यामुळे अग्रलेखापेक्षा ही ओळ जास्त भरवशाची. मिळतील तेवढ्या वर्षांचा एकेक अंक घ्या आणि नुसत्या प्रिंटलाइन एका वहीत तारखेनुसार उतरवून काढा. पत्ता बदलला म्हणजे छापखाना हलला. मुद्रकाचं नाव मालकापेक्षा वेगळं असेल तर बहुधा पेपरला स्वतःचं मशीन नव्हतं, दुसऱ्याच्या प्रेसवर छापून घेत होते. संपादक म्हणून अचानक पत्नीचं किंवा भावाचं नाव आलं तर त्या सुमाराला मालक निवडणुकीला उभा होता का, सरकारी नोकरीत होता का, की कोर्टात काही चालू होतं, ते शोधा. मी एका फाइलीत पाहिलंय, तीन वर्षांत प्रिंटलाइनमधला छापखाना चार वेळा बदललेला, आणि वर्धापनदिनाच्या लेखात त्याच काळाचं वर्णन "भरभराटीचा काळ" असं. कुठल्याही छापखान्याची उधारी फेडता येत नव्हती ही त्या भरभराटीमागची गोष्ट, ती पुढं एका जुन्या मशीनमनने सांगितली तेव्हा कळली.

आता यातलीच एक गोष्ट, जी पत्रकारांनाही बरेचदा माहीत नसते. १९५६ च्या वृत्तपत्र नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी संपला की त्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागायचं, "नमुना ४, नियम ८ पाहा" असं डोक्यावर लिहिलेलं. प्रकाशन स्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक, त्यांचे पत्ते, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागीदारांची नावं. म्हणजे पूर्ण वर्षाची फाइल चाळायला वेळ नसेल तर फक्त मार्चचा पहिला आठवडा बघत जा. भागीदार कोण होते, कधी बाहेर पडले, साखर कारखान्याचा कुणी संचालक कधी आत आला, सगळं तिथं ओळीने सापडतं. कौटुंबिक आठवणीत जे भागीदार गाळले जातात ते या निवेदनात असतात.

रजिस्ट्रेशन नंबरच्या बाबतीत मात्र जपून. जुन्या पेपरांवर आकडा आणि मग तिरकी रेघ देऊन ५७, ५८ असं वर्ष दिसतं. ते स्थापनेचं वर्ष नाही. रजिस्ट्रार ऑफ न्यूजपेपर्सचं ऑफिसच १ जुलै १९५६ ला सुरू झालं, पहिल्या प्रेस कमिशनच्या शिफारशीवरून, त्यामुळे त्याआधीच्या कितीतरी पेपरांची नोंद १९५७ च्या आसपास झाली. तसंच "वर्ष २३ वे, अंक ११४" यावरून मागे मोजत जाऊन स्थापनेची तारीख काढायचा मोह होतो, काढा, पण ती तपासून घ्या, कारण साप्ताहिक असतानाची वर्षं धरायची की नाही हे प्रत्येक मालक आपल्या सोयीने ठरवायचा.

आणि साप्ताहिक असण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडची बहुतेक जिल्हा दैनिकं आधी साप्ताहिकं होती. नुसती छोटीच नाही, 'ज्ञानप्रकाश' १८४९ ला पुण्यात साप्ताहिक म्हणून निघालं आणि दैनिक झालं १९०४ साली, कोल्हापूरचा 'पुढारी' आधी साप्ताहिक होता आणि १ जानेवारी १९३९ ला दैनिक झाला, 'लोकमत' हे मूळ यवतमाळचं साप्ताहिक, दैनिक म्हणून नागपूरला १९७१ मध्ये आलं. त्यामुळे पेपर "निघाला" कधी यापेक्षा तो रोज का निघू शकला हा प्रश्न जास्त उपयोगाचा. रोज निघायला चार गोष्टी लागायच्या: गावात रात्रभर टिकणारी वीज, रोजच्या रोज कागद, बाहेरची बातमी त्याच दिवशी मिळायची सोय, आणि पहाटे गठ्ठे नेणारी गाडी. तुमच्या शहरात या चारही गोष्टी कधी जमून आल्या ते शोधलंत की अर्धा इतिहास मिळाला म्हणून समजा. गाडीचं तर सरळ आहे, एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिल्यांदा धावली आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या फेऱ्या वाढल्या. जिल्हा दैनिकांची डेडलाइन घड्याळ ठरवत नव्हतं, डेपोतून सुटणारी पहिली गाडी ठरवायची. लांबच्या तालुक्याची गाडी पाचला असेल तर डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारी, दोनला मशीनवर गेलीच पाहिजे, मग नगरपालिकेची सभा कितीही रंगलेली असो. शहर आवृत्तीत तीच सभा पूर्ण मिळते, डाकेत अर्धी. फाइल कुठल्या आवृत्तीची आहे हे आधी बघा, नाहीतर "पेपरने बातमी दाबली" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

स्वातंत्र्याआधीचा काळ असेल तर एक मोठा खजिना आहे. मुंबई सरकारचं एक भाषांतर खातं देशी पेपर वाचून दर आठवड्याला गोपनीय अहवाल काढायचं, 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स' म्हणून. त्यात पेपरांची यादी असायची, गाव, साप्ताहिक की दैनिक, संपादकाचं नाव, जात, वय आणि खप. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथं हे बघायला मिळतात. ज्या पेपरचा एकही अंक आज शिल्लक नाही त्याच्या लेखांचा इंग्रजी सारांश तिथं सापडतो, कारण सरकारला त्याची भीती वाटत होती. पण तुमचं शहर तेव्हा संस्थानात होतं का ते आधी पाहा. कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई राज्यात आलं, मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे, विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, म्हणजे १९५० नंतरच्या मध्य प्रदेशात, तेव्हा कागदही त्या त्या ठिकाणी. निजामी मुलखात मराठी पेपर काढणं म्हणजे काय होतं ते आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा'वरून कळतं, १९३७ साली सुरू झालेला हा पेपर सरकारने बंद केला की ते वेगळ्या नावाने काढायचे. तुमच्या शहरातही एकाच माणसाची दोन-तीन वेगळ्या नावांची पत्रं लागोपाठ दिसली तर ती वेगळी पत्रं समजू नका. इंग्रजी मुलखात १९१० आणि १९३१ च्या प्रेस कायद्यांखाली सरकार पेपरकडून जामिनाची रक्कम मागायचं, ती भरणं न परवडल्यामुळे एक नाव मिटायचं आणि दुसरं उगवायचं.

आता छापखान्यात या, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथं झालंय. खिळ्यांचा जमाना जिल्ह्यांत खूप उशिरापर्यंत चालला. देवनागरीला इंग्रजीसारखं अक्षरांवर भागत नाही, अखंड टाइपात अक्षर मात्रेसकट एकाच खिळ्यावर, डिग्री टाइपात मात्रा, वेलांटी, रफार वेगळे जुळवायचे, जोडाक्षरं वेगळी, त्यामुळे कंपोझिटरच्या पुढ्यातल्या केसेसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेट्यांत, खण शेकड्यांनी. तो बघत नाही, हात आपोआप जातो. काल छापलेल्या पानाचे खिळे आज पुन्हा आपापल्या खणात टाकल्याशिवाय आजचं पान जुळवता येत नाही, कारण टाइप तेवढाच. लहान पेपरात टाइप कमी पडायचाच, मग एखादं अक्षर संपलं की कंपोझिटर दुसऱ्या पॉइंटचं, म्हणजे वेगळ्या आकाराचं, लावायचा किंवा उपसंपादकाला हाक मारून शब्द बदलून घ्यायचा. मी प्रूफ बघायला बसायचो तेव्हा ओल्या गॅलीवर, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या कच्च्या छापावर, ही भानगड रोज. हे सगळं कागदावर दिसतं. भिंगातून जुना अंक बघा: तुटलेली वेलांटी, अर्धा उमटलेला रफार, एका ओळीत मध्येच जाड आलेला 'ण'. तेच तुटकं अक्षर महिनोन्महिने येत राहतं, आणि एके दिवशी पान एकदम स्वच्छ दिसायला लागतं. त्या दिवशी नवा टाइप आला, म्हणजे पैसा आला. कुठून आला ते त्या महिन्याच्या जाहिरातींत शोधा.

फोटोचंही तसंच. जस्ताचे ब्लॉक करायची सोय मोठ्या शहरात असायची, ब्लॉक तयार होऊन एसटीने परत यायला वेळ लागायचा. म्हणून सोमवारच्या सभेचा फोटो शुक्रवारच्या अंकात दिसतो. पुढाऱ्यांचे चेहऱ्याचे ब्लॉक मात्र ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेले असायचे आणि तोच तरुण चेहरा वीस वर्षं छापला जायचा. फोटोवरून माणसाचं त्या वेळचं वय ठरवू नका.

बाहेरच्या बातम्यांसाठी टेलिप्रिंटर, म्हणजे तारेवरून आलेल्या बातम्या छापणारं यंत्र, सगळ्यांना परवडत नव्हता. आकाशवाणीवर धीम्या गतीने वाचली जाणारी बातमीपत्रं असायची, ती खास छोट्या पेपरांनी लिहून घ्यावीत म्हणूनच होती, आणि उपसंपादक रेडिओला कान लावून भराभर उतरवायचा. परदेशी नावं ऐकीव पद्धतीने लिहिलेली दिसली तर ती बातमी रेडिओची. एजन्सीची बातमी असेल तर सुरुवातीला खूण असते, आणि त्यावरून तारीखही ठरवता येते: नुसतं 'समाचार' असं असेल तर तो अंक १९७६ ते १९७८ मधला, कारण आणीबाणीत पीटीआय, यूएनआय, हिन्दुस्थान समाचार आणि समाचार भारती या चौघांना एकत्र करून ती एकच संस्था केली होती, पुढं ती मोडली. त्या काळातले अंक मिळाले तर नीट वाचा. जून १९७५ च्या शेवटच्या आठवड्याआधी आणि नंतर पहिल्या पानावर काय काय कमी झालं, आणि स्थानिक टीका, म्हणजे पाणी, रस्ते, रेशन यावरची, ती तरी टिकली का, हे शोधण्यासारखं आहे. दिल्लीवर गप्प बसलेले काही पेपर तहसीलदाराला सोडत नव्हते, आणि काहींनी तेही सोडून दिलं. तुमचा पेपर कुठल्या बाजूचा होता ते सरळ लिहा, कुटुंबाला आवडो न आवडो.

पेपरची बातमीदारी किती पक्की होती याची परीक्षा घ्यायची असेल तर मोठ्या आपत्तीचे दिवस निवडा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आधी, दोन्ही वेळा त्या दिवसाचे अंक छापून झाले होते. किल्लारीच्या वेळी तर आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, डेस्क विसर्जनाच्या बातम्या लावून नुकतं मोकळं झालेलं. मग त्या दिवशी दुपारी जादा अंक काढला का, दुसऱ्या दिवशीच्या अंकात "आमच्या वार्ताहराकडून" किती आणि एजन्सीचं किती, हे मोजा. तालुक्याचा वार्ताहर म्हणजे बहुधा शाळामास्तर, नाहीतर पेपरचा एजंटच, मानधन नावापुरतं, बातमी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. पण भूकंप, पूर, दुष्काळ अशा वेळी याच माणसांनी गावांची नावं, मेलेल्यांची नावं बिनचूक पाठवलेली असतात जी मोठ्या पेपरात आलीच नाहीत. मला विचाराल तर जिल्हा दैनिकाचं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि या वार्ताहरांची नावं तुमच्या पुस्तकात आलीच पाहिजेत.

खपाच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, मालकाने सांगितलेल्या तर नाहीच पण सरकारदरबारी नोंदवलेल्याही नाही. परदेशी न्यूजप्रिंट कोट्याने मिळायचा, कोटा खपावर ठरायचा, सरकारी जाहिरातींचा दरही खपावर, म्हणून खप फुगवून सांगण्यात दुहेरी फायदा होता आणि उरलेला कागद जास्त भावाने विकला जायचा हे सगळ्या धंद्याला माहीत होतं. खरा आकडा हवा असेल तर गठ्ठ्यांचा हिशोब बघा, एजंटांची खातेवही, परतीचे अंक किती आले. यासोबत एक कायदेशीर बारकावा आहे. दैनिकाने तीन महिन्यांत ठरलेल्या अंकांपैकी निम्म्याहून कमी काढले तर डिक्लेरेशन, म्हणजे पेपर काढण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे केलेलं घोषणापत्र, रद्द व्हायचं. त्यामुळे आजारी पडलेले पेपर मोजक्या प्रती छापून नाव जिवंत ठेवायचे, त्याला धंद्यात फाइल कॉपी म्हणतात. तुमच्या पेपरची शेवटची काही वर्षं अशी होती का ते तपासा. अंकात जाहीर नोटिसा आणि सरकारी निविदाच जास्त, बातम्या कालच्या मोठ्या पेपरमधल्या, असं दिसलं तर पेपर वाचकांसाठी त्याआधीच बंद झालेला होता, आणि बंद पडल्याची खरी तारीख तुम्हाला वेगळी लिहावी लागेल.

जाहिराती तर पूर्ण वाचा, वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट. आधी सिनेमा, औषधं, कापडदुकानं, मग साखर कारखान्यांच्या आणि सहकारी संस्थांच्या नोटिसा, मग शेतीपंप, मग नेत्यांचे वाढदिवस. पेपर कुणाच्या पैशावर चालला आणि कुणाविरुद्ध लिहिणं त्याला परवडत नव्हतं ते यात आहे. आणि छापखान्याचं जॉब वर्क विसरू नका, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं यांनी कित्येक पेपर तगवलेत, पेपर तोट्यात आणि प्रेस नफ्यात असा संसार होता.

ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बदलाबद्दल सगळेच लिहितात म्हणून थोडक्यात: ऑफसेट छपाई आली, डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी आली, खिळे भंगारात गेले, आणि मोठ्या पेपरांनी जिल्ह्याचं स्वतंत्र पान, नंतर स्वतंत्र आवृत्ती सुरू केली. स्थानिक दैनिकाची मक्तेदारी होती ती गल्लीतल्या बातमीवर, तीच गेली. त्यांचे चांगले वार्ताहरही जास्त मानधनावर तिकडं गेले. यात कंपोझिटरांचं काय झालं हे मात्र फार कमी लोकांनी लिहिलंय. काही कॉम्प्युटरवर बसले, बरेच घरी गेले.

फाइली कुठं मिळतील? आधी जिथून काम आलंय त्या वाचनालयाचंच कपाट. आपल्याकडची नगर वाचनालयं फार जुनी आहेत, रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, कोल्हापूरचं १८५० चं, आणि स्थानिक पेपर तिथं बांधून ठेवायची पद्धत होती. दुसरं, १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा १९५६ मध्ये वृत्तपत्रांना लागू झाला, त्याखाली कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय इथं अंक पाठवायचे होते. सगळ्यांनी पाठवले नाहीत, पण पत्र टाकून विचाराच. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात डिक्लेरेशनचे कागद असतात, माहिती अधिकारात अर्ज करा, अर्जात पेपरचं नाव, मुद्रकाचं नाव आणि अंदाजे वर्ष द्या नाहीतर "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. जिल्हा माहिती कार्यालयात कात्रणं मिळू शकतात. जुने वकीलही बघा, जाहीर नोटिशीचा पुरावा म्हणून त्यांनी अख्खे अंक ठेवलेले असतात.

अंक मिळाले की लगेच उघडून सपाट करू नका, जुना न्यूजप्रिंट घडीवर तुटतो. सावलीत, जाड पुठ्ठ्यावर ठेवून वरून मोबाइलने फोटो काढले तरी चालतील, फक्त प्रत्येक फोटोला वर्ष-महिना-दिवस-पान असं नाव तिथंच द्या, घरी जाऊन देऊ म्हटलं की राहतं.

पण कागदाच्याही आधी माणसं गाठा. मालकाच्या मुलाला नंतर भेटलात तरी चालेल, आधी कंपोझिटर, मशीनमन, बाइंडर, एसटी स्टँडवर गठ्ठे टाकणारा आणि जुने विक्रेते. त्यांना "पेपरचा इतिहास सांगा" असं विचारलं की ते मालकाचं कौतुक करून थांबतात. त्याऐवजी विचारा की पगार कितव्या तारखेला व्हायचा, कागद कुठून यायचा, वीज गेली की काय करायचे, कुठल्या रात्री सगळ्यात उशीर झाला होता. विशेषांकातलं एखादं पान सोबत न्या, हातात दिलं की टाइप कुठल्या फाउंड्रीचा, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याचा, ते कंपोझिटर सांगतो आणि मग गाडी सुटते. रेकॉर्डिंग करा, परवानगी घेऊन. आणि ज्या वर्षांचे अंक कुठंच मिळाले नाहीत ती वर्षं पुस्तकात स्पष्ट लिहा, अमुक ते तमुक सालचे अंक उपलब्ध नाहीत म्हणून. तसं छापलं की कुणाच्या तरी माळ्यावरचा गठ्ठा बाहेर निघतो आणि दुसऱ्या आवृत्तीत ती जागा भरता येते.